आभासी यंत्र सॉफ्टवेअर

आभासी यंत्र सॉफ्टवेअर म्हणजे एका प्रत्यक्ष संगणकावर एक किंवा अनेक स्वतंत्र संगणक चालत असल्याची स्थिती निर्माण करणारे सॉफ्टवेअर होय. अशा प्रत्येक आभासी संगणकाला आभासी यंत्र म्हणतात. त्याला स्वतःचा प्रोसेसर, रॅम, हार्ड डिस्क व नेटवर्क कार्ड असल्याचे भासते. प्रत्यक्षात ही साधने मूळ संगणकाच्या साधनांतूनच वाटून दिलेली असतात. मूळ संगणकावरील संचालन प्रणालीला यजमान प्रणाली आणि आभासी यंत्रात चालणाऱ्या संचालन प्रणालीला अतिथी प्रणाली असे म्हटले जाते. साधनांचे हे वाटप व नियंत्रण करणाऱ्या भागाला हायपरव्हायजर ही संज्ञा आहे.

मोठ्या सर्व्हर केंद्रांप्रमाणेच विद्यार्थ्यांच्या लॅपटॉपवरही या सॉफ्टवेअरचा वापर होतो. लिनक्सचे प्रशासन, संगणक जाळ्यांची रचना, डेटाबेस आणि सायबर सुरक्षा यांसारख्या विषयांच्या सरावासाठी एकाहून अधिक संगणकांची गरज असते. आभासी यंत्रांमुळे हा सराव एकाच लॅपटॉपवर करता येतो. अतिथी प्रणाली बिघडली तरी यजमान प्रणाली व तिच्यावरील कागदपत्रे सहसा सुरक्षित राहतात. एकाच डिस्कचे विभाजन करून दोन संचालन प्रणाली बसवण्याच्या पद्धतीत विभाजन चुकल्यास आधीची माहिती गमावण्याचा धोका असतो. आभासी यंत्राची डिस्क ही यजमान संगणकावरील केवळ एक फाइल असल्याने हा धोका टळतो.

## इतिहास

आभासी यंत्राची कल्पना वैयक्तिक संगणकांहून जुनी आहे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात केंब्रिज येथे असलेल्या आयबीएमच्या वैज्ञानिक केंद्रात १९६०च्या दशकात सीपी-४० ही प्रणाली तयार झाली व १९६७ साली ती प्रत्यक्ष वापरात आली. तिच्यानंतर सीपी-६७ ही प्रणाली आली आणि १९७२ मध्ये आयबीएमने व्हीएम/३७० ही प्रणाली जाहीर केली. त्या काळी एक मोठा व महागडा संगणक अनेक वापरकर्त्यांत वाटून देणे हा यामागील हेतू होता.

१९७४ मध्ये जेराल्ड पोपेक आणि रॉबर्ट गोल्डबर्ग यांनी आभासीकरणाच्या औपचारिक अटी मांडल्या. अतिथी कार्यक्रमाचे वर्तन प्रत्यक्ष यंत्रावरील वर्तनाशी जुळावे, बहुतांश आज्ञा थेट प्रोसेसरवरच चालाव्यात आणि साधनांवर हायपरव्हायजरचे पूर्ण नियंत्रण असावे, असे या अटींचे सार आहे. इंटेलच्या एक्स८६ घराण्यातील प्रोसेसर या अटी पूर्ण करत नसत. पेंटियम प्रोसेसरमधील १७ आज्ञा यासाठी अडचणीच्या असल्याचे २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका विश्लेषणात दाखवण्यात आले.

१९९८ मध्ये स्थापन झालेल्या व्हीएमवेअर या कंपनीने अशा आज्ञांचे चालता चालता भाषांतर करण्याचे तंत्र वापरले व १९९९ मध्ये व्हीएमवेअर वर्कस्टेशन हे उत्पादन बाजारात आणले. त्यामुळे सामान्य वैयक्तिक संगणकावर आभासी यंत्रे पुरेशा वेगाने चालू लागली. फाब्रिस बेलार यांचे क्यूएमू हे मुक्त स्रोत सॉफ्टवेअर २००३ मध्ये आले. पुढे इंटेलने २००५ मध्ये व्हीटी-एक्स आणि एएमडीने २००६ मध्ये एएमडी-व्ही ही सुविधा प्रोसेसरमध्येच अंतर्भूत केली. याच सुविधांवर आधारलेला केव्हीएम हा घटक २००७ मध्ये लिनक्सच्या २.६.२० या आवृत्तीत समाविष्ट झाला.

व्हर्च्युअलबॉक्स हे सॉफ्टवेअर मूळचे इनोटेक या जर्मन कंपनीचे. २००७ मध्ये त्याची मुक्त स्रोत आवृत्ती प्रसिद्ध झाली. २००८ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्सने इनोटेक विकत घेतली आणि २०१० मध्ये सन ही कंपनीच ओरॅकलकडे गेली. मायक्रोसॉफ्टने हायपर-व्ही प्रथम २००८ मध्ये विंडोज सर्व्हरसाठी आणि २०१२ मध्ये विंडोज ८च्या व्यावसायिक आवृत्त्यांसाठी उपलब्ध करून दिले. ॲपलने २०२० मध्ये एम१ हा एआरएम रचनेचा प्रोसेसर आणल्यानंतर मॅक संगणकांवरील आभासीकरणाचे चित्र बदलले. नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रॉडकॉमने व्हीएमवेअर ताब्यात घेतली. त्यानंतर वर्कस्टेशन प्रो आणि फ्यूजन प्रो ही उत्पादने मे २०२४ पासून वैयक्तिक वापरासाठी व नोव्हेंबर २०२४ पासून सर्वांसाठी विनामूल्य झाली.

## प्रकार

गोल्डबर्ग यांच्या १९७३ मधील प्रबंधापासून हायपरव्हायजरचे दोन प्रकार मानले जातात.

* पहिला प्रकार : थेट हार्डवेअरवर चालणारा हायपरव्हायजर. व्हीएमवेअर ईएसएक्सआय, झेन आणि हायपर-व्ही ही याची उदाहरणे होत.
* दुसरा प्रकार : यजमान संचालन प्रणालीवर इतर सॉफ्टवेअरप्रमाणे चालणारा हायपरव्हायजर. व्हर्च्युअलबॉक्स, व्हीएमवेअर वर्कस्टेशन आणि पॅरलल्स डेस्कटॉप ही याची उदाहरणे होत.

हे वर्गीकरण सर्वत्र काटेकोरपणे लागू पडत नाही. केव्हीएम हा लिनक्सच्या गाभ्याचाच भाग असल्याने त्याची गणना कोणत्या प्रकारात करावी याबाबत मतभेद आहेत. हायपर-व्ही चालू केल्यावर नेहमीची विंडोज प्रणालीदेखील हायपरव्हायजरच्या वर, विशेष अधिकार असलेल्या एका विभागात चालते.

आभासीकरण आणि अनुकरण यांतही फरक आहे. आभासीकरणात अतिथीच्या बहुतेक आज्ञा प्रत्यक्ष प्रोसेसरच पार पाडतो. म्हणून दोहोंची रचना एकच असावी लागते. अनुकरणात एका रचनेच्या आज्ञा दुसऱ्या रचनेच्या आज्ञांत बदलून चालवल्या जातात. त्यामुळे भिन्न रचनेची प्रणाली चालवता येते, परंतु वेग बराच कमी होतो.

## हार्डवेअरच्या गरजा

### प्रोसेसर

व्हर्च्युअलबॉक्सच्या ६.१ आवृत्तीपासून पुढील आवृत्त्यांसाठी प्रोसेसरमधील आभासीकरणाची सुविधा अनिवार्य आहे. हायपर-व्ही व केव्हीएम यांनाही ती लागते. अनेक लॅपटॉपमध्ये ही सुविधा असूनही ती बायोसमधून बंद ठेवलेली असते. इंटेल प्रोसेसरच्या संगणकांवर ती ‘इंटेल व्हर्च्युअलायझेशन टेक्नॉलॉजी’ आणि एएमडीच्या संगणकांवर बहुधा ‘एसव्हीएम मोड’ या नावाने आढळते. विंडोजमध्ये टास्क मॅनेजरच्या प्रोसेसरविषयक पानावर ती चालू आहे की नाही हे दिसते.

### रॅम

लॅपटॉपवर एका वेळी किती आभासी यंत्रे चालतील हे बहुतेक वेळा रॅमवर ठरते. अतिथी प्रणालीला दिलेली रॅम यजमानाच्या वाट्यातून वजा होते, असे हिशेबापुरते धरावे लागते. ८ जीबी रॅम असलेल्या लॅपटॉपवर यजमान विंडोज व ब्राउझर यांसाठी सुमारे ४ जीबी राखून ठेवल्यास उरलेल्या ४ जीबीमध्ये चित्रमय पटल असलेली एक लिनक्स प्रणाली किंवा पटलाविना चालणाऱ्या दोन-तीन लहान प्रणाली सामावतात. डेबियनसारखी प्रणाली चित्रमय पटल न बसवता १ जीबी रॅममध्ये सरावापुरती चालते. १६ जीबी रॅम असल्यास एक डेस्कटॉप व तीन-चार लहान सर्व्हर अशी छोटी प्रयोगशाळा उभारता येते.

उपलब्धतेपेक्षा अधिक रॅम वाटून दिल्यास यजमान प्रणाली डिस्कचा रॅमसारखा वापर करू लागते आणि यजमान व अतिथी या दोन्ही प्रणाली अतिशय मंदावतात. अशा वेळी आभासीकरणाचे सॉफ्टवेअर बदलून फारसा उपयोग होत नाही. अतिथींची संख्या किंवा त्यांचा वाटा कमी करावा लागतो.

### साठवण

आभासी डिस्क दोन प्रकारची असते. ठरावीक आकाराची डिस्क आरंभीच पूर्ण जागा व्यापते, तर वाढती डिस्क गरजेप्रमाणे मोठी होत जाते. वाढती डिस्क जागा वाचवते. मात्र अतिथीतील फाइली पुसल्या तरी ती आपोआप लहान होतेच असे नाही. एकाच हार्ड डिस्कवर अनेक अतिथी चालवल्यास वाचन-लेखनाची गर्दी होते, त्यामुळे फिरत्या तबकड्यांच्या डिस्कऐवजी एसएसडी असल्यास वेगात मोठा फरक पडतो.

## प्रमुख सॉफ्टवेअर

| सॉफ्टवेअर | यजमान प्रणाली | परवाना |
|---|---|---|
| व्हर्च्युअलबॉक्स | विंडोज, लिनक्स, मॅकओएस, सोलारिस | मूळ संच मुक्त स्रोत (जीपीएल) |
| व्हीएमवेअर वर्कस्टेशन प्रो | विंडोज, लिनक्स | मालकीचे, विनामूल्य |
| व्हीएमवेअर फ्यूजन प्रो | मॅकओएस | मालकीचे, विनामूल्य |
| हायपर-व्ही | विंडोज प्रो, एंटरप्राइज व एज्युकेशन | विंडोजच्या परवान्यात समाविष्ट |
| केव्हीएम व क्यूएमू | लिनक्स | मुक्त स्रोत |
| यूटीएम | मॅकओएस | मुक्त स्रोत |
| पॅरलल्स डेस्कटॉप | मॅकओएस | मालकीचे, सशुल्क |

व्हर्च्युअलबॉक्स वेगवेगळ्या यजमान प्रणालींवर जवळपास सारखेच दिसते. त्यामुळे ज्या वर्गात काहींकडे विंडोज व काहींकडे लिनक्स आहे, तेथे एकच कृतिपत्रिका सर्वांना वापरता येते. त्याच्या विस्तार संचाचा परवाना मात्र वेगळा आहे. वैयक्तिक व शैक्षणिक वापरासाठी तो संच विनामूल्य असून व्यावसायिक वापरासाठी परवाना विकत घ्यावा लागतो. पूर्वी यूएसबी २.० व ३.० उपकरणांसाठी हा संच आवश्यक असे, ७.० आवृत्तीपासून ती सोय मूळ संचात आली आहे. लिनक्स यजमानावर व्हर्च्युअलबॉक्सला गाभ्याचे स्वतंत्र घटक जोडावे लागतात व सिक्युअर बूट चालू असल्यास त्यांवर डिजिटल स्वाक्षरी करावी लागते.

व्हीएमवेअर वर्कस्टेशन प्रो त्रिमितीय चित्रण आणि अनेक आभासी जाळ्यांची रचना यांसाठी ओळखले जाते. ते विनामूल्य असले तरी मुक्त स्रोत नाही. पूर्वीचे वर्कस्टेशन प्लेअर हे लहान उत्पादन आता बंद करण्यात आले आहे.

हायपर-व्ही विंडोजच्या होम आवृत्तीत उपलब्ध नाही. भारतात विकल्या जाणाऱ्या अनेक लॅपटॉपवर होम आवृत्ती असल्याने निवडीपूर्वी हे तपासणे आवश्यक ठरते. केवळ लिनक्सच्या आज्ञावली शिकायच्या असल्यास विंडोजमधील लिनक्स उपप्रणालीची दुसरी आवृत्ती होम आवृत्तीवरही चालते. तिच्यात लिनक्सचा खरा गाभा एका हलक्या आभासी यंत्रात चालवला जातो. परंतु संचालन प्रणाली बसवणे, डिस्कचे विभाजन करणे किंवा अनेक यंत्रांचे जाळे उभारणे यांच्या सरावासाठी ती पुरेशी नाही.

केव्हीएम लिनक्सच्या गाभ्यातच असल्याने वेगवान आहे. ते क्यूएमूसोबत वापरले जाते व व्हर्ट-मॅनेजर किंवा ग्नोम बॉक्सेस यांच्या चित्रमय पटलावरून हाताळता येते. सर्व्हर व मेघ संगणनातही केव्हीएमचा व्यापक वापर होत असल्याने प्रणाली प्रशासन शिकणाऱ्यांना त्याचा परिचय पुढे उपयोगी पडतो. विंडोज ११साठी आवश्यक असलेली सुरक्षा चिप नसल्यामुळे जे लॅपटॉप त्या प्रणालीस अपात्र ठरतात, परंतु ज्यांचा प्रोसेसर आभासीकरणास सक्षम आहे, अशा लॅपटॉपवर लिनक्स व केव्हीएम हा पर्याय खुला राहतो.

ॲपलच्या एम मालिकेतील प्रोसेसर एआरएम रचनेचे आहेत. त्यांवर आभासीकरणाच्या वेगाने फक्त एआरएम रचनेच्याच अतिथी प्रणाली चालतात. व्हर्च्युअलबॉक्सने ७.१ आवृत्तीत या संगणकांसाठी अधिकृत सोय दिली. तीही एआरएम अतिथींसाठीच आहे. एक्स८६ प्रणाली हवीच असल्यास यूटीएममधून क्यूएमूचे अनुकरण वापरता येते, पण ते मंद असते. म्हणून अभ्यासक्रमात एक्स८६साठीच तयार केलेली आभासी यंत्रे वापरली जात असतील, तर मॅकधारक विद्यार्थ्यासाठी ही बाब निर्णायक ठरते.

## निवडीचे निकष

लॅपटॉपवरील अभ्यासासाठी सॉफ्टवेअर निवडताना पुढील क्रम सोयीचा ठरतो. आधीच्या प्रश्नाचे उत्तर नकारार्थी असल्यास पुढील तुलना निरर्थक होते.

1. प्रोसेसरची रचना : अतिथी प्रणाली व लॅपटॉप यांची रचना एकच आहे काय?
2. यजमान प्रणालीची आवृत्ती : निवडलेले सॉफ्टवेअर त्या आवृत्तीवर चालते काय?
3. साधनांची उपलब्धता : अभ्यासक्रमास लागणारी सर्व यंत्रे एकाच वेळी रॅममध्ये सामावतील काय?
4. अभ्यासक्रमाशी मेळ : शिक्षकांनी दिलेली यंत्रे कोणत्या स्वरूपात आहेत?
5. परवाना : होणारा वापर परवान्याच्या अटींत बसतो काय?

व्हर्च्युअलबॉक्सच्या व्हीडीआय, व्हीएमवेअरच्या व्हीएमडीके, मायक्रोसॉफ्टच्या व्हीएचडी व क्यूएमूच्या क्यूकाऊ२ अशा आभासी डिस्कच्या विविध फाइली आहेत. एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात यंत्र नेण्यासाठी ओव्हीएफ हे खुले मानक आहे व त्याच्या एकत्रित फाइलीस ओव्हीए म्हणतात. हे मानक असूनही नेटवर्क कार्डाचे प्रकार व अतिथीतील साहाय्यक संच यांत बदल करावे लागू शकतात. त्यामुळे संपूर्ण वर्गाने एकच सॉफ्टवेअर वापरणे, ते थोडे कमी वेगवान असले तरी, अनेकदा अधिक उपयुक्त ठरते.

अतिथी प्रणालीचा परवाना हा स्वतंत्र विषय आहे. आभासी यंत्रात विंडोज बसवण्यासाठी तिचा परवाना लागतो. सरावासाठी मायक्रोसॉफ्ट विंडोज सर्व्हरची १८० दिवसांची व विंडोज एंटरप्राइजची ९० दिवसांची मूल्यमापन आवृत्ती देते. मॅकओएस आभासी यंत्रात चालवण्याची परवानगी ॲपलच्या अटींनुसार केवळ ॲपलच्याच संगणकावर आहे. बहुतांश लिनक्स वितरणांना असे बंधन नाही.

## जाळ्याची रचना

आभासी यंत्राचे नेटवर्क कार्ड पुढील प्रकारे जोडता येते.

* नॅट : अतिथीला यजमानामार्फत इंटरनेट मिळते, बाहेरील संगणकांना मात्र तो थेट दिसत नाही. बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये मूळ निवड हीच असते.
* सेतू जोडणी : अतिथी घरातील किंवा महाविद्यालयातील जाळ्यावर स्वतंत्र संगणक म्हणून दिसतो.
* केवळ यजमान : अतिथी फक्त यजमानाशी व त्याच जाळ्यातील इतर अतिथींशी बोलू शकतो.
* अंतर्गत जाळे : अतिथी केवळ परस्परांशी जोडलेले असतात, यजमानही त्यात नसतो.

सायबर सुरक्षेच्या अभ्यासात या निवडीला विशेष महत्त्व आहे. मेटास्प्लॉइटेबलसारखी यंत्रे सरावासाठी हेतुपुरस्सर असुरक्षित बनवलेली असतात. ती सेतू जोडणीने जोडल्यास त्या जाळ्यावरील कोणीही त्यांत शिरू शकतो. तसेच सरावासाठी केलेली तपासणी चुकून महाविद्यालयाच्या संगणकांवर होऊ शकते व परवानगीविना केलेली अशी कृती भारतात माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० अन्वये कारवाईस पात्र ठरू शकते. म्हणून अशी यंत्रे अंतर्गत किंवा केवळ यजमान जाळ्यावर ठेवली जातात.

## स्नॅपशॉट व प्रती

आभासी यंत्राची विशिष्ट क्षणाची स्थिती जतन करण्याच्या सोयीला स्नॅपशॉट म्हणतात. प्रयोग फसल्यास यंत्र त्या स्थितीला परत नेता येते. स्नॅपशॉट घेतल्यानंतरचे बदल वेगळ्या फाइलीत लिहिले जातात. त्यामुळे मूळ डिस्क फाइल हरवल्यास स्नॅपशॉट निरुपयोगी होतो. याच कारणाने स्नॅपशॉट हा सुरक्षित प्रतीचा पर्याय नाही. महत्त्वाचे यंत्र निर्यात करून बाहेरील डिस्कवर ठेवणे हाच खात्रीचा उपाय मानला जातो.

एकाच यंत्राच्या अनेक प्रती हव्या असल्यास संलग्न प्रत ही सोय वापरतात. तिच्यात मूळ डिस्क सामायिक राहून फक्त फरक साठवले जातात. यामुळे डिस्कवरील जागा वाचते. रॅमची गरज मात्र तेवढीच राहते.

## अडचणी व मर्यादा

विंडोजमध्ये हायपर-व्ही, लिनक्स उपप्रणाली किंवा ‘मेमरी इंटेग्रिटी’ ही सुरक्षा सोय चालू असल्यास प्रोसेसरची आभासीकरण सुविधा विंडोजच्या ताब्यात असते. अशा वेळी व्हर्च्युअलबॉक्सला विंडोजच्या हायपरव्हायजरमार्फत काम करावे लागते व वेग घटू शकतो. व्हर्च्युअलबॉक्स ही स्थिती खालच्या पट्टीवर कासवाच्या चिन्हाने दर्शवते. सुरक्षा सोय बंद केल्यास वेग वाढतो, पण यजमानाचे संरक्षण कमी होते. लिनक्सवर व्हर्च्युअलबॉक्स आणि केव्हीएम यांच्यातही असाच संघर्ष होऊ शकतो.

आभासी यंत्राचे विलगीकरण अभेद्य नसते. २०१५ मध्ये उघड झालेल्या ‘व्हेनम’ या त्रुटीत क्यूएमूच्या आभासी फ्लॉपी नियंत्रकातून अतिथीबाहेर पडणे शक्य होते. यासाठी आभासीकरणाचे सॉफ्टवेअर अद्ययावत ठेवणे आणि शंकास्पद अतिथीसोबत फोल्डर व क्लिपबोर्ड सामायिक न करणे इष्ट मानले जाते.

मराठीत टंकलेखन करणाऱ्यांना एक वेगळी अडचण येते. यजमान प्रणाली अतिथीकडे अक्षरे नव्हे, तर दाबलेल्या कळांचे संकेत पाठवते. त्यामुळे यजमानावर मराठी कळफलक असला तरी अतिथी प्रणालीत इनस्क्रिप्ट किंवा अन्य मराठी कळफलक स्वतंत्रपणे निवडावा लागतो, तसेच लोहित किंवा नोटो यांसारखा देवनागरी टंक तेथेही असावा लागतो.

## पर्याय

* कंटेनर : २०१३ मध्ये आलेल्या डॉकरमुळे लोकप्रिय झालेल्या या पद्धतीत सर्व कंटेनर एकच गाभा वापरतात. ते हलके असतात, परंतु वेगळी संचालन प्रणाली किंवा गाभा यांच्या अभ्यासास उपयोगी नाहीत.
* लाइव्ह यूएसबी : पेनड्राइव्हवरून लिनक्स चालवता येते. सर्व रॅम तिलाच मिळत असल्याने ४ जीबीच्या लॅपटॉपवर हा मार्ग अधिक व्यवहार्य ठरतो.
* मेघ संगणन : यंत्रे दूरच्या केंद्रात चालतात. यासाठी सातत्याने इंटरनेट लागते व यंत्र बंद करण्यास विसरल्यास खर्च वाढू शकतो.

## हे सुद्धा पाहा

* संचालन प्रणाली
* लिनक्स
* मेघ संगणन
* मुक्त स्रोत सॉफ्टवेअर
* संगणक सुरक्षा